वाढदिवस आज की उद्या?

मंगळवारी दुपारी ओपीडी आटोपत आली होती, तेवढ्यात फोन वाजला. "मॅडम, ओळखलंत का? चोवीस सालातल्या त्या २९ तारखेच्या बाळाची आजी बोलतेय." न ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. आजींचा आवाज दोन वर्षांत जराही बदललेला नाही.

"नातीला दोन वर्षं पुरी होतायत. घरात दोन पार्ट्या पडल्यात. आमचे हे म्हणतात, फेब्रुवारीतली पोर, वाढदिवस फेब्रुवारीतच करायचा, २८ ला. सूनबाई म्हणते १ मार्चला, कारण २८ ला ती जन्मलीच नव्हती. घोळ तुम्ही घातलाय, आता तुम्हीच सांगा."

मी घातलेला घोळ असा. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी त्या मुलीचा जन्म झाला. नैसर्गिक प्रसूती, वजन पावणेतीन किलो, बाळ-बाळंतीण सुखरूप. तासाभराने आजी माझ्या टेबलाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, कागदावर रात्रीचे पावणेबारा लावले तर २८ तारीख होते. पोरीला चार वर्षांतून एकदा वाढदिवस, लोक चेष्टा करतील. तुमचं काय जातंय?" मी म्हणाले, "आजी, माझं काही जात नाही, पण तिचं जातं. तिची खरी तारीख जाते." त्या डिस्चार्जपर्यंत माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. पेढे मात्र आठवणीने पाठवले.

प्रसूतितज्ज्ञ म्हणून मी अनेक लीप वर्षं पाहिली आणि दर वेळी अशी विनंती आली. कधी जन्मानंतर तारीख बदलण्याची, तर कधी जन्माआधीच, "२९ च्या आत सिझर करून टाका" अशी. मागणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. लेकराला आयुष्यभराची कटकट नको, एवढंच. तरीही मला ही विनंती चुकीची वाटते आणि ती का, हे आज राष्ट्रीय विज्ञान दिनी सांगावंसं वाटतं. २९ फेब्रुवारी हा कॅलेंडरातला दोष आहे, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो दोषावरचा उपाय आहे. माणसाने आपली मोजणी चुकते हे मान्य केलं आणि ती जगजाहीर दुरुस्त केली, त्याची ही खूण आहे. तिला लपवून ठेवण्यासारखं त्यात काही नाही.

पावणेसहा तासांची उधारी

हिशेब सोपा आहे. पृथ्वीला सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करून पुन्हा त्याच ऋतूच्या त्याच टप्प्यावर यायला सरासरी ३६५ दिवस, ५ तास, ४८ मिनिटं आणि सुमारे ४५ सेकंद लागतात. कॅलेंडरला मात्र पूर्ण दिवसच मोजता येतात. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री आपण नव्या वर्षाच्या शुभेच्छा देतो तेव्हा पृथ्वीची फेरी अजून पुरी झालेली नसते. पावणेसहा तासांहून थोडी जास्त वाट शिल्लक असते. पहिल्या वर्षी पावणेसहा, दुसऱ्या वर्षी साडेअकरा, तिसऱ्या वर्षी साडेसतरा, अशी ही उधारी वाढत जाते. चौथ्या वर्षी ती जवळजवळ एका दिवसाची होते आणि आपण ती २९ फेब्रुवारी घालून चुकती करतो.

चुकती केली नाही तर काय बिघडेल? पहिल्या काही वर्षांत काहीच नाही. पण शंभर वर्षांत कॅलेंडर ऋतूंपेक्षा चोवीस दिवस पुढे पळेल. मृगाचा पाऊस जूनच्या सुरुवातीला येतो, हे पणजोबांचं गणित पणतवंडाच्या काळात जुलैवर गेलेलं असेल. सातशे-साडेसातशे वर्षांत तर पावसाळा कागदावर डिसेंबरात सुरू होईल. चूक रोज काही सेकंदांचीच असते, पण ती एकाच दिशेने साचत जाते. आम्हा डॉक्टरांना हे चांगलं ठाऊक आहे. जरासा वाढलेला रक्तदाब एका दिवसात कोणाला पाडत नाही, वीस वर्षांत पाडतो.

'लीप' म्हणजे उडी. एरवी तुमचा वाढदिवस सोमवारी आला तर पुढच्या वर्षी तो मंगळवारी येतो, कारण ३६५ म्हणजे बावन्न आठवडे आणि वर एक दिवस. मध्ये २९ फेब्रुवारी आला की तो मंगळवार ओलांडून थेट बुधवारी जातो. ती ही उडी.

रोममधला घोटाळा आणि रायगडावरची तारीख

हा दिवस आला रोममधून. जुन्या रोमन कॅलेंडरचं वर्ष ३५५ दिवसांचं होतं. ऋतूंशी मेळ राहावा म्हणून अधूनमधून जादा महिना घालून वर्ष बावीस-तेवीस दिवसांनी वाढवत. कधी वाढवायचं हे ठरवण्याचा अधिकार पुरोहित मंडळाकडे होता आणि तिथेच पाणी मुरलं. आपल्या माणसाची पदावरची मुदत वाढवायची असेल तर वर्ष लांबवायचं, विरोधक पदावर असेल तर जादा महिना विसरायचा. असं करता करता कॅलेंडर ऋतूंपासून महिनोन् महिने भरकटलं.

ज्युलियस सीझरने अलेक्झांड्रियाच्या सोसिजेनीस या खगोलतज्ज्ञाच्या सल्ल्याने हा कारभार मोडून काढला. आधी मागची बाकी भरून काढायची म्हणून इसवी सनापूर्वीचं ४६ वं वर्ष तब्बल ४४५ दिवसांचं केलं गेलं. पुढच्या वर्षापासून ३६५ दिवस आणि दर चौथ्या वर्षी एक जादा, असा नियम लागू झाला. जादा दिवस फेब्रुवारीच्या वाट्याला आला, कारण रोमनांच्या मूळच्या मांडणीत वर्ष मार्चपासून सुरू होऊन फेब्रुवारीत संपत असे. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर या नावांत आपले सप्त, अष्ट, नव, दश ऐकू येतात, ते त्यामुळेच. तेव्हा तो दिवस २९ तारीख म्हणून शेवटी जोडलेला नव्हता. २४ फेब्रुवारी हाच दिवस दोनदा मोजत.

सीझरच्या खुनानंतर त्याच्या दुरुस्तीतही चूक झाली. पुरोहितांनी 'दर चौथ्या वर्षी' याचा अर्थ दर तीन वर्षांनी असा लावला, कारण मोजताना सुरुवातीचं वर्षही धरायची रोमनांची पद्धत होती. आपण हसायचं कारण नाही. 'आठ दिवसांनी या' असं सांगतो तेव्हा आपणही या सोमवारापासून पुढच्या सोमवारापर्यंतचे दोन्ही सोमवार मोजतोच. पुढे ऑगस्टसच्या काळात काही लीप वर्षं गाळून हा घोळ निस्तरावा लागला.

तरी एक बारीक चूक उरलीच. सीझरने वर्ष ३६५ दिवस ६ तासांचं धरलं होतं, खरं वर्ष त्याहून सव्वाअकरा मिनिटांनी लहान. या मिनिटांचा सुमारे १२८ वर्षांत एक दिवस होतो. सोळाव्या शतकापर्यंत ऋतू आणि तारखा यांत दहा दिवसांचं अंतर पडलं. अलॉयशियस लिलियस या इटालियन वैद्याने मांडलेली योजना ख्रिस्तोफर क्लाव्हियस या गणितज्ञाने पुढे नेली आणि पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये ती लागू केली. त्या वर्षी इटली, स्पेन, पोर्तुगालात ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर १५ ऑक्टोबरचा शुक्रवार उजाडला. शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग गेला तरच ते लीप धरायचं, असा नियम झाला. म्हणून २००० लीप होतं, १९०० नव्हतं आणि २१०० नसेल. २०९६ च्या २९ फेब्रुवारीला जन्मलेल्या बाळाला तारखेचा पहिला वाढदिवस थेट आठव्या वर्षी, २१०४ मध्ये मिळेल. कॅलेंडर नीट करणाऱ्यांमध्ये एक वैद्य होता, याचा मला अर्थातच थोडा जास्त आनंद आहे.

इंग्लंडने मात्र ही दुरुस्ती १७५२ पर्यंत मानली नाही. त्याचा एक धागा आपल्यापर्यंत पोहोचतो. शिवराज्याभिषेकाची ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ ही तिथी इंग्रजी तारखेत आपण ६ जून १६७४ अशी सांगतो. सोहळ्याला रायगडावर हजर असलेला मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन याचं कॅलेंडर जुनंच, म्हणजे सीझरचं होतं. ६ जून ही त्या जुन्या मोजणीची तारीख आहे. आज भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरच्या मोजणीने तोच शनिवार १६ जूनला येतो. यामुळे त्या दिवसाचं मोल तसूभरही कमी होत नाही आणि ६ जूनला गडावर जाणाऱ्या कोणाला मी अडवणार नाही. सांगायचं एवढंच, की तारीख हे आपण दिवसाला लावलेलं लेबल असतं. दिवस घडून गेलेला असतो, लेबल कोणत्या मोजणीचं आहे हे प्रामाणिकपणे लिहून ठेवलं की पुढच्यांना तो सापडतो.

आपला धोंड्याचा महिना

जादा दिवसाची कल्पना आपल्याला परकी वाटायचं खरं तर कारण नाही. आपण जादा महिना घालणारी माणसं आहोत. बारा चांद्र महिन्यांचे साधारण ३५४ दिवस होतात, सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवस कमी. ही तूट साचू दिली तर गणपती कधी ऐन उन्हाळ्यात यायचे आणि दिवाळी पावसात. म्हणून सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी अधिक मास येतो. त्याचा नियमही पक्का आहे. ज्या चांद्र महिन्यात सूर्याची एकही संक्रांत होत नाही, तो अधिक. रोममध्ये ज्याचा निर्णय माणसांच्या मर्जीवर सोडला होता, तो आपल्याकडे आकाशावर सोडला गेला. यंदाच १७ मेपासून अधिक ज्येष्ठ सुरू होतो आहे. जावयांनी आतापासून तयारीला लागायला हरकत नाही.

या महिन्याशी आपण कसे वागलो, हे पाहण्यासारखं आहे. आधी त्याला मलमास म्हटलं, लग्नमुंजी बंद ठेवल्या. जादा आहे ना, मग त्यात काहीतरी खोट असणार! मग पुराणकथेने त्याची बाजू घेतली. कोणी वाली नसलेल्या या महिन्याला विष्णूने आपलं नाव दिलं आणि तो पुरुषोत्तम मास झाला. तेहतीस अनारशांचं वाण आलं, पुरणाचे धोंडे आले, लेक-जावई जेवायला आले. नकोशा वाटणाऱ्या गोष्टीला घरात मानाचं पान वाढण्याची ही रीत मला फार आवडते. २९ फेब्रुवारीच्या बाबतीत मात्र आपण अजून मलमासावरच अडकलो आहोत.

आपल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेतही लीप दिवस आहे, पण तो फेब्रुवारीत नाही. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सुचवलेलं आणि २२ मार्च १९५७ पासून लागू झालेलं हे भारतीय सौर कॅलेंडर. आपल्या घरातल्या कॅलेंडरवर बारीक अक्षरात ते छापलेलं असतं आणि आपण ते वाचत नाही. त्यात लीप वर्षी चैत्र तीसऐवजी एकतीस दिवसांचा होतो आणि वर्ष २२ ऐवजी २१ मार्चला सुरू होतं. म्हणजे उधारी तीच, फक्त ती फेडण्याचा दिवस प्रत्येकाने आपापल्या सोयीने ठरवला.

अपशकुनाची भीती आणि सिझरची तारीख

जादा दिवसाभोवती जगभर प्रथा जमल्या. आयर्लंड-स्कॉटलंडकडे या दिवशी बाईने पुरुषाला लग्नाची मागणी घालायची मुभा होती. एरवी वर्षभर ती नव्हती, हे त्यातलं खरं दुखणं. ग्रीसमध्ये लीप वर्षात लग्न करणं अशुभ मानण्याचा समज आहे. फ्रान्समध्ये १९८० पासून एक विनोदी वर्तमानपत्र फक्त २९ फेब्रुवारीला निघतं. चार वर्षांत एक अंक काढायचा, या कल्पनेचा आमच्या संपादकांना हेवा वाटत असावा.

या गमती झाल्या. भीतीचं मात्र आरोग्यात रूपांतर होतं, म्हणून ती गमतीवारी नेता येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या रोजच्या जन्मनोंदींचा अभ्यास करणाऱ्या अर्थतज्ज्ञांना आढळलं, की २९ फेब्रुवारी आणि १ एप्रिल या दोन तारखांना नेहमीपेक्षा कमी मुलं जन्मतात. निसर्गाला तारखा कळत नाहीत. कळा आणि कॅलेंडर यांचा संबंध नाही. तेव्हा ही घट माणसांनी घडवलेली असते. ठरवून केलेली प्रसूती एक-दोन दिवस इकडे-तिकडे सरकवली जाते.

आपल्याकडे हे सरकवणं मोठ्या प्रमाणावर शक्य आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने होतात आणि खासगी दवाखान्यांत हे प्रमाण ४७.४ टक्के आहे. जिथे तारीख निवडता येते, तिथे मुहूर्त येतो, ज्योतिषी येतो आणि २९ फेब्रुवारी टाळण्याचा आग्रहही येतो. पुढे ढकलायचं तर मध्येच कळा सुरू होण्याची धास्ती, म्हणून बहुतेक जण अलीकडे ओढतात.

हे अलीकडे ओढणं निरुपद्रवी नाही. आईला किंवा बाळाला धोका नसेल तर ठरवून करायचं सिझेरियन ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी करू नये, असं वैद्यकशास्त्र सांगतं. शेवटच्या आठवड्यांत बाळाची फुप्फुसं श्वासाची तयारी पुरी करत असतात. त्याआधी जन्मलेल्या बाळांना धाप लागणं, साखर कमी होणं, अंग गार पडणं, दूध नीट न ओढणं हे त्रास जास्त होतात आणि काहींना नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात ठेवावं लागतं. "एकाच दिवसाचा तर प्रश्न आहे" असं म्हणताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. गर्भाचं वय काढण्याची कागदी चकती साधारणपणे ३६५ दिवसांची असते, तिला २९ फेब्रुवारी ठाऊकच नसतो. लीप वर्षात तिच्यावर विसंबलं तर आधीच एका दिवसाची चूक झालेली असते. त्यात पाळीची तारीख नक्की आठवत नसली आणि सुरुवातीची सोनोग्राफी झालेली नसली, तर फरक आणखी वाढतो. काठावर उभ्या असलेल्या बाळाला तारखेसाठी ढकलू नये.

वैद्यकीय गरज असेल तर २९ काय, अमावास्येच्या मध्यरात्रीही सिझर करावं लागतं आणि आम्ही करतो. गरज नसेल तर तारखेसाठी करू नये. याबाबतीत डॉक्टरांचीही जबाबदारी आहे. घरच्यांच्या आग्रहापुढे मान तुकवणं सोपं असतं आणि आमच्यातलेही काही जण ती तुकवतात, हे मी नाकारणार नाही.

एक जूनची माणसं

उरला प्रश्न कागदावरच्या तारखेचा. महाराष्ट्रात एका पिढीच्या असंख्य लोकांचा वाढदिवस १ जून असतो, हे वाचकांना सांगायला नको. शाळेत नाव घालताना मास्तरांनी वय बसावं म्हणून ती तारीख टाकून दिली आणि खरा दिवस कायमचा हरवला. माझ्या वडिलांचाही वाढदिवस कागदावर १ जूनच होता. आजी एवढंच सांगायची, की पिठोरी अमावास्येच्या आसपास झाला. कोणत्या वर्षीच्या, ते तिलाही आठवत नसे. वडिलांनी त्यावरून कधी खंत केली नाही, पण आम्ही १ जूनला केक आणला की ते हसून म्हणत, "आज शाळेचा वाढदिवस." ते हसू मला अजून आठवतं.

तेव्हा नाइलाज होता. जन्म घरी होत, नोंदी होत नसत. आज तो नाइलाज नाही. बाळाचा जन्म मिनिटासकट लिहिला जातो आणि २१ दिवसांत त्याची नोंद करायची असते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. तेव्हापासून जन्मणाऱ्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, सरकारी नोकरी या सगळ्याला जन्मदाखला हाच तारखेचा आधार आहे. त्या आजींची नात ही या नव्या व्यवस्थेतल्या पहिल्या लीप दिवसाची मुलगी. तिच्या दाखल्यावर पहिलीच नोंद खोटी घालायला मी कशी तयार होणार? शिवाय आज एका दिवसाची सोय केली, की उद्या शाळेच्या वयासाठी एका महिन्याची मागितली जाते आणि परवा आणखी कशासाठी तरी. नोंद ही एकदा वाकवता येते हे कळलं, की ती नोंद उरत नाही.

पालकांची अडचण मात्र खोटी नाही. संगणकीय अर्जांत २९ फेब्रुवारी टाकला की काही ठिकाणी तो स्वीकारला जात नाही. २०२४ च्या लीप दिवशी न्यूझीलंडमधल्या अनेक स्वयंचलित पेट्रोल पंपांवर पैसे भरण्याची यंत्रणा बंद पडली, कारण तिला ही तारीख समजली नाही. एका जगप्रसिद्ध स्प्रेडशीटमध्ये आजही १९०० हे वर्ष लीप धरलं जातं, जुन्या प्रणालीशी जुळवून घेताना उचललेली ती चूक तशीच राहिली. कायद्यातही गंमत आहे. आपल्या १८७५ च्या सज्ञानता कायद्यानुसार माणूस जन्मदिवसाच्या अठराव्या वर्धापनदिनाला सज्ञान होतो. पण २९ फेब्रुवारीला जन्मलेल्याच्या अठराव्या वर्षी २९ फेब्रुवारी कधीच नसतो, कारण अठराला चारने भाग जात नाही. इंग्लंडमध्ये अशा वेळी १ मार्च धरतात, तैवानमध्ये २८ फेब्रुवारी. माझं म्हणणं असं, की दुरुस्ती इथे व्हायला हवी. अर्जात, संगणकात, नियमाच्या भाषेत. लेकराच्या जन्मतारखेत नाही. यंत्रणेला माणूस बसत नसेल तर माणूस कापायचा नसतो.

दुर्मीळ म्हणजे नगण्य नव्हे

हेच सूत्र पकडून २००८ साली युरोपातल्या रुग्णसंघटनांनी २९ फेब्रुवारी हा दुर्मीळ आजार दिन म्हणून निवडला. दुर्मीळ आजारांसाठी दुर्मीळ दिवस. लीप नसलेल्या वर्षी तो फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे यंदा आजच, पाळला जातो. एकेक आजार विरळा, पण असे हजारो आजार मिळून जगात तीस कोटींहून अधिक लोक त्यांच्यासह जगतात. आपल्याकडे २०२१ मध्ये दुर्मीळ आजारांसाठी राष्ट्रीय धोरण आलं, काही रुग्णालयांना उत्कृष्टता केंद्रांचा दर्जा मिळाला. त्यांत मुंबईचं केईएम आहे. रुग्णामागे ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद झाली. काही आजारांच्या आयुष्यभराच्या औषधांपुढे ही रक्कम लवकर संपते. तरी संख्येने थोडे म्हणून मोजायचेच नाहीत, ही वृत्ती थोडी मागे सरली. चार वर्षांतून एकदा येणाऱ्या तारखेला अर्जात जागा न ठेवणं आणि लाखात एकाला होणाऱ्या आजाराला यंत्रणेत जागा न ठेवणं, ही एकाच सवयीची दोन रूपं आहेत.

आणि २९ फेब्रुवारीला जन्मल्याने कोणाचं काही अडलेलं दिसत नाही. मोरारजी देसाई १८९६ च्या २९ फेब्रुवारीचे. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री आणि पुढे देशाचे पंतप्रधान झाले. त्यांच्या राजकारणाबद्दल महाराष्ट्राची मतं कडू आहेत, पण त्याचा दोष तारखेकडे जात नाही. भरतनाट्यमला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल १९०४ च्या २९ फेब्रुवारीच्या. आजचा विज्ञान दिनही लीप वर्षातलाच. सर सी. व्ही. रामन यांचा शोध २८ फेब्रुवारी १९२८ चा, आणि त्याची बातमी जगासमोर आली ती दुसऱ्या दिवशी, २९ फेब्रुवारीला. भारतीय विज्ञानाच्या सर्वांत मोठ्या बातमीला हा 'अशुभ' दिवस काही आडवा आला नाही.

तर आजींच्या प्रश्नाचं उत्तर. मी त्यांना कागद-पेन घ्यायला लावलं. मुलीचा जन्म पहाटे ५ वाजून १० मिनिटांचा. २९ फेब्रुवारी २०२४ पासून ७३० दिवस मोजले की २८ फेब्रुवारी २०२६ येते. पण दोन सौर वर्षं म्हणजे ७३० दिवस आणि वर साधारण ११ तास ३७ मिनिटं. ती जन्मवेळेत मिळवली, की होतात दुपारचे ४ वाजून ४७ मिनिटं. तारीख २८. म्हणजे तिच्या जन्माच्या वेळी पृथ्वी सूर्याभोवतीच्या वाटेवर ज्या टप्प्यावर होती, तिथे ती आज दुपारी पावणेपाचच्या सुमाराला पुन्हा पोहोचेल. दुपारी बारा-साडेबारानंतर जन्मली असती, तर सूनबाईंचा १ मार्च बरोबर ठरला असता.

"म्हणजे आमचे हे जिंकले," आजी थोड्या नाराजीने म्हणाल्या. मग क्षणभर थांबून त्यांनी विचारलं, "आणि अठ्ठावीस साली?"

"अठ्ठावीस साली २९ लाच, आजी. पहाटे साडेचारच्या आधी पाच मिनिटं."

"एवढ्या पहाटे औक्षण कोण करणार?"

"जन्मली तेव्हा तुम्ही जाग्या होतातच की," मी म्हणाले. पलीकडून हसण्याचा आवाज आला. आज दुपारी पावणेपाचला निरांजन लावणार आहेत म्हणे.